प्रगणन गट

जनगणनेत एका प्रगणकाकडे (घरोघरी जाऊन मोजणी करणाऱ्याकडे) सोपवलेला, हद्दी नक्की केलेला भूभाग म्हणजे प्रगणन गट. भारतीय जनगणनेचे हे सर्वांत लहान क्षेत्रीय एकक. गटांच्या बेरजेतून गाव किंवा प्रभाग, त्यातून तालुका वा शहर, मग जिल्हा उभा राहतो. त्यामुळे एक गट दोन गावांत किंवा दोन प्रभागांत पसरू देत नाहीत. २०११ साली गटात साधारण सव्वाशे ते दीडशे कुटुंबे धरली होती. गाव म्हणजे इथे महसुली गाव, महसूल खात्याच्या नोंदीतले. वाड्या-पाडे त्यातच मोजले जातात, आणि उजाड गावही आपल्या संकेतांकासह यादीत राहते, लोकसंख्या शून्य.

२०११ साली गटाचा नजरी नकाशा हाताने काढत, प्रमाणाशिवाय. हद्दीला रस्ता, ओढा, रेल्वेमार्ग अशा टिकाऊ खुणा घ्याव्यात. ‘गोठ्यापासून चिंचेपर्यंत’ असे लिहिले की पुढच्या वेळी गोठाही नसतो आणि चिंचही. मग मधली घरे दोन्ही प्रगणकांकडून सुटतात, नाहीतर दोनदा मोजली जातात. इमारतींना क्रमांक वायव्य कोपऱ्यापासून देत आग्नेयेला संपवायचे. पक्के राहते घर चौकोनाने, कच्चे त्रिकोणाने दाखवायचे, आणि बिगरनिवासी असेल तर आकृतीत तिरप्या रेघा मारायच्या. चुका सर्वाधिक होतात त्या शहराच्या कडेला, जिथे नकाशाची शाई वाळण्याआधी नवी इमारत उठते.

मोजणी चालू असताना हद्दी हलू नयेत म्हणून त्या आधीच गोठवतात. २०२७ च्या जनगणनेसाठी ३१ डिसेंबर २०२५ ही मुदत होती. दोन जनगणनांच्या मध्ये झालेला बदल मात्र तुलना अवघड करतो. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला. त्यामुळे २०११ च्या तक्त्यांत महाराष्ट्राचे जिल्हे ३५ च आहेत आणि ठाण्याची लोकसंख्या १,१०,६०,१४८. पालघरचा आकडा (२९,९०,११६) वसई, डहाणू, जव्हार, मोखाड्यासह आठ तालुके जोडून काढावा लागतो. तालुके अखंड गेले म्हणून हे सोपे. तालुकाच फुटला असता तर गावनिहाय बेरीज करावी लागली असती.

शहर ठरवण्याचा निकष वेगळा. महापालिका, नगरपरिषद, नगरपंचायत किंवा लष्करी छावणी (कॅन्टोन्मेंट) असेल तर ते वैधानिक शहर. ग्रामपंचायत असूनही किमान ५,००० लोकसंख्या, दर चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसे आणि पुरुष मुख्य कामगारांपैकी (वर्षात किमान सहा महिने काम केलेल्यांपैकी) किमान ७५ टक्के शेतीबाहेर असतील, तर ते जनगणना शहर. यादी मोजणीआधी हवी असते, म्हणून २०११ ची जनगणना शहरे २००१ च्या आकड्यांवरून ठरवली, आणि लोकसंख्या तोवर वाढेल म्हणून तिची अट तेव्हा ४,००० धरली.