साखर एकदम उतरते तेव्हा

गेल्या संकष्टीला सकाळी ठाण्याच्या तलावपाळीवर एक साठीचे गृहस्थ चालता चालता मट्कन खाली बसले. अंगाला दरदरून घाम, हाताला थरथर, बोलणे असंबद्ध. फिट आली असे समजून कोणीतरी त्यांच्या नाकाशी चप्पल धरली. उपास म्हणून काहीही न खाता त्यांनी मधुमेहासाठीची, साखर उतरवणारी ग्लिमेपिराइडची गोळी मात्र नेहमीप्रमाणे घेतली होती, हे पत्नीने सांगितले तेव्हा उलगडा झाला. चप्पल हुंगवल्याने फिट थांबत नाही आणि साखरही वाढत नाही. वाया जातो तो वेळ, आणि ग्लुकोजचा स्वतःचा साठा जवळजवळ नसलेल्या मेंदूला तो परवडत नाही.

रक्तातील साखर डेसिलिटरमागे 70 मिलीग्रॅमच्या खाली गेली असेल आणि रुग्ण शुद्धीवर असून गिळू शकत असेल, तर 15 ग्रॅम ग्लुकोज पावडर पाण्यात कालवून द्यावी आणि 15 मिनिटांनी साखर पुन्हा तपासावी. रुग्ण व्होग्लिबोज हे मधुमेहाचे औषध घेत असेल तर घरातली साखर किंवा पेढा देऊन चटकन गुण येत नाही, कारण साखरेचे आतड्यात विघटन करणारे विकर, म्हणजे एन्झाइमच, हे औषध रोखून धरते; ग्लुकोजला त्या विघटनाची गरज नसते.

बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काहीही घालू नये, ते श्वासनलिकेत जाऊ शकते. अशा वेळी 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि घरात ग्लुकागॉन हे साखर वाढवणारे औषध असेल तर ते द्यावे. किंबॉल आणि मर्लिन या संशोधकांनी 1923 मध्ये शोधलेल्या, 29 अमिनो आम्लांच्या या संप्रेरकाचे मला विशेष अप्रूप वाटते, कारण ते बाहेरून साखर देत नाही, तर यकृतातील ग्लायकोजेनचा, म्हणजे साखळीच्या रूपात ठेवलेल्या ग्लुकोजचा, साठा खुला करते. यकृतपेशीच्या पृष्ठभागावरील ग्राहीला (रिसेप्टरला) ते चिकटले की पेशीच्या आत चक्रीय एएमपी हा निरोप्या तयार होतो. तो प्रोटीन कायनेज ए या विकराला जागे करतो, ते पुढच्या कायनेजला आणि ते ग्लायकोजेन तोडणाऱ्या फॉस्फोरिलेजला, आणि प्रत्येक पायरीवर निरोप कैक पटींनी वाढत जाऊन ग्लायकोजेनच्या साखळीतून ग्लुकोज-1-फॉस्फेट सुटू लागते. त्याचे रूपांतर ग्लुकोज-6-फॉस्फेटमध्ये होते आणि त्यावरचा फॉस्फेट काढून टाकणारे विकर यकृतात असल्यामुळे मोकळे ग्लुकोज रक्तात उतरते. स्नायूंत ग्लायकोजेन यकृतापेक्षा जास्त असते, पण हे शेवटचे विकर तिथे नसल्याने तो साठा रक्ताच्या कामी येत नाही.

पाण्यात विरघळवून ठेवलेल्या ग्लुकागॉनचे तंतू बनत असल्याने पारंपरिक इंजेक्शनची 1 मिलीग्रॅम भुकटी आयत्या वेळी द्रवात मिसळावी लागते. नाकात सोडायच्या 3 मिलीग्रॅम भुकटीला अमेरिकेत 2019 मध्ये मान्यता मिळाली. ती नाकाच्या अस्तरातूनच शोषली जाते, रुग्णाला श्वास ओढावा लागत नाही. दीर्घ उपासमारीने किंवा मद्यपानाने यकृताचा साठाच आटलेला असेल तर मात्र ग्लुकागॉन फारसे चालत नाही. तिथे शिरेतून डेक्स्ट्रोज, म्हणजे ग्लुकोजच द्यावे लागते.

तलावपाळीवरचे गृहस्थ ग्लुकोजचे पाणी स्वतःच्या हाताने प्यायले आणि थोड्या वेळात नीट बोलू लागले. तरीही ग्लिमेपिराइडचा अंमल दिवसभर राहू शकतो आणि साखर पुन्हा उतरू शकते, म्हणून पत्नीने चंद्रोदयाची वाट न पाहता त्यांना तिथेच पोळीभाजी खायला लावली आणि मग रिक्षाने रुग्णालयात नेले.