रंग दगडाचा की कुंचल्याचा?

इसहाकाच्या बलिदानाचं जुनं चित्र. वेदीवर बांधलेला मुलगा, सुरी उगारलेला बाप अब्राहाम, झुडपात शिंगं अडकलेला मेंढा, जो शेवटी मुलाऐवजी बळी जातो. यहुदी नववर्षाच्या दुसऱ्या दिवशी ही कथा प्रार्थनेत वाचतात आणि त्या सणाला मेंढ्याचंच शिंग, म्हणजे शोफार, फुंकतात. तेहरानहून जेरुसलेमला येऊन राहिलेल्या चित्रकार मोशे मिझराहीनेही हा प्रसंग काढला. अशी चित्रं पाहून आपण सहज 'रंगीत शिळाछाप' म्हणतो. पण या एका नावात दोन वेगळ्या वस्तू लपतात.

पहिलीत दगडाचं काम फक्त काळ्या रेघेपुरतं. चुनखडीच्या गुळगुळीत शिळेवर तेलकट खडूने चित्र काढायचं आणि शिळा ओली करायची. मग शाई तेलकट भागालाच धरते, ओल्या भागाला धरत नाही. त्यावरून कागद छापून घ्यायचा. रंग नंतर, एकेका प्रतीवर, हाताने भरायचे.

दुसरीत रंगही दगडच देतो. लालसाठी एक शिळा, पिवळ्यासाठी दुसरी, निळ्यासाठी तिसरी. दहा-पंधरा शिळा लागणं नवलाचं नव्हतं. तोच कागद दर वेळी अगदी नेमक्या जागी बसवायचा. गोदफ्रुआ एंगेलमान याने १८३७ साली फ्रान्समध्ये या पद्धतीचं पेटंट घेतलं. आपल्याकडे १८९४ साली मुंबईत सुरू झालेल्या रविवर्मा छापखान्याने जर्मन कारागिरांच्या मदतीने लक्ष्मी-सरस्वती घरोघरी पोचवल्या, त्या याच पद्धतीने.

ओळखायचं कसं? साधं भिंग पुरतं. पुरिम या यहुदी सणाच्या कथेतल्या एस्तेर राणीचा लाल झगा पाहा. रंग पाण्यासारखा पसरून कडेला गडद साचला असेल, कुठे रेघेबाहेर गेला असेल, तर तो कुंचला. दुसऱ्या प्रतीत तो वेगळ्याच ठिकाणी बाहेर गेलेला दिसतो. छापील रंगाची चूक वेगळी असते: शिळा केसभर सरकली, तर झग्याची लाल कड डावीकडे डोकावते आणि तिचा नातलग मोर्दखय याच्या घोड्यावरचा लालही तेवढाच डावीकडे. सगळा रंग एकाच दिशेने सरकतो. चेहरा तर भिंगाखाली थक्क करतो. गुलाबी, पिवळे, राखाडी ठिपके, सगळे कारागिराने हाताने दिलेले, म्हणून ओबडधोबड. हेच ठिपके सारख्या ओळींत शिस्तीने उभे असतील, तर ते चित्र बहुधा नंतरच्या यांत्रिक छपाईचं.

फसायला होतं ते साच्याच्या रंगात. कापलेला साचा कागदावर ठेवून ब्रश फिरवला, की कड इतकी स्वच्छ येते की छपाईच वाटावी. तिथे कडेपेक्षा रंगाच्या अंगाकडे बघावं, ब्रशाचे माग सापडतात. मिश्र चित्रंही असतात: काळी शिळा, एक फिकट पिवळी शिळा आणि गालांवर हाताची लाली. त्यांना कोणत्या रकान्यात टाकायचं यावर वाद घालण्यापेक्षा तिन्ही गोष्टी नोंदवाव्यात, असं मला वाटतं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत छापून न्यूयॉर्कला विकायला गेलेली यहुदी नववर्षाची, नक्षी उठवलेली शुभेच्छापत्रं मात्र छापील रंगाची म्हणून सहज ओळखता येतात. एवढ्या प्रती हाताने कोण रंगवणार?

आणि आपल्या पुण्याची हगादा. हगादा म्हणजे वल्हांडण या यहुदी सणाच्या रात्री मिसरातून, म्हणजे इजिप्तमधून, सुटकेची कथा वाचण्याचं पुस्तक. १८७४ साली बेने इस्राएल या मराठी बोलणाऱ्या यहुदी समाजासाठी ते पुण्यात शिळाछापावर, हिब्रू आणि मराठीत निघालं. त्यात साड्या नेसलेल्या बाया बसून बेखमीर भाकरी करताना दिसतात. हे चित्र एकाच काळ्या शाईचं. एखाद्या प्रतीत त्या साडीवर लाल-हिरवा रंग दिसलाच, तर तो दगडाचा नव्हे. घरातल्याच कुणीतरी भरलेला असेल.