लेकराची वाढ खुंटली किंवा साखर वाढली, तर कुठं जायचं आणि कोणते कागद न्यायचे

आधी कागदांसाठी मुळीच थांबायचं नाही अशी एक गोष्ट. लेकरू सारखं पाणी पितंय, घडीघडी लघवीला जातंय, पोटभर खाऊनही वाळतंय, रात्री अंथरूण ओलं करायची सुटलेली सवय पुन्हा लागलीय, तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात साखर तपासून घ्या. बोटावरच्या थेंबाचं काम आहे. सोबत उलट्या, पोटदुखी, धाप असेल तर 108 ला फोन करून थेट मोठा दवाखाना गाठा. हा टाइप 1 मधुमेह असू शकतो, म्हणजे अंगात इन्सुलिन बनणं थांबून साखर वाढते. त्यात बाहेरून इन्सुलिन मिळालं नाही तर जीवावर बेततं. ‘जंत झालेत, उतरेल’ म्हणत दोन दिवस काढणारे नातेवाईक प्रत्येक गावात असतात, त्यांचं ऐकू नका. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत तातडीच्या रुग्णाला फोनवरून कळवून दाखल करता येतं, रेशनकार्ड नंतर आणलं तरी चालतं.

उंची, थायरॉइड, लवकर किंवा उशिरा वयात येणं यांना थोडी सवड असते. त्यासाठी पहिलं दार शाळेचं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक 2013 पासून 18 वर्षांपर्यंतच्या मुलांना तपासतं, अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळेत एकदा. पथकाला नुसतं ‘बारीक आहे’ सांगू नका. पाचवी-सहावीच्या आतलं लेकरू साधारण वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढतं. चारच्या आत अडकलं, मुलीत आठव्या किंवा मुलात नवव्या वर्षाआधी वयात आल्याच्या खुणा दिसल्या, अथवा मुलीत तेरा, मुलात चौदा उलटूनही काहीच दिसलं नाही, तर तपासणी हवी. शाळेच्या नोंदीतल्या जुन्या उंच्या तारखेसह वहीत उतरवून न्या. माझ्या मते कुठल्याही दाखल्यापेक्षा हा कागद डॉक्टरांच्या जास्त कामाचा.

पथक संदर्भ चिठ्ठी देतं. ती घेऊन ग्रामीण रुग्णालय किंवा जिल्ह्याचं सिव्हिल. तिथून गरज पडली तर छत्रपती संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाई, लातूर किंवा नांदेडचं वैद्यकीय महाविद्यालय. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून केसपेपर आणि तपासण्या मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयं वेगळ्या खात्याची, तिथं हा नियम गृहीत धरून रिकाम्या खिशानं जाऊ नका.

भरती व्हावं लागलं तर महात्मा फुले योजना. 2023 च्या निर्णयानं कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण मिळतं आणि पांढरं रेशनकार्डही चालतं. मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांना पांढऱ्या कार्डावर ही सोय आधीपासूनच होती. रेशनकार्ड, लेकराचं आधार, जन्मदाखला, पालकाचं आधार आणि डॉक्टरांचे कागद घेऊन आरोग्यमित्राकडे, म्हणजे रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या माणसाकडे जा. घोळ बहुतेक वेळा नावातच होतो. कार्डावर लेकराचं नावच नसतं, किंवा आधारवर एक आणि दाखल्यावर दुसरं स्पेलिंग असतं. नाव चढवायचं काम तहसीलच्या पुरवठा शाखेत आजारपण येण्याआधीच उरकून ठेवा. अडचण आली तर 155388 वर विचारा. एक मात्र लक्षात असू द्या, ही योजना भरतीच्या उपचारांसाठी आहे. रोजचं इन्सुलिन तिच्यात धरू नका, ते सरकारी दवाखान्यातून मिळतं का ते डॉक्टरांना विचारा.

‘शुगरच्या लेकराला अपंगत्वाचा दाखला काढून देतो’ म्हणणाऱ्या दलालाला पैसे देऊ नका. 2016 च्या दिव्यांग कायद्यातल्या 21 प्रकारांत बुटकेपणा आहे (प्रौढ वयात 147 सेंटिमीटर किंवा त्याहून कमी उंची), मधुमेह नाही.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांची अडचण निराळी. पथक शाळेत येतं तेव्हा लेकरू फडावर असतं. परत आल्यावर मुख्याध्यापकांना पुढच्या फेरीची तारीख विचारा, नाहीतर थेट ग्रामीण रुग्णालयात न्या. इन्सुलिन चालू असेल तर निघण्याआधी पुरेसा साठा आणि डॉक्टरांची चिठ्ठी सोबत घ्या. महात्मा फुले योजना राज्यातल्या कुठल्याही अंगीकृत, म्हणजे योजनेला जोडलेल्या रुग्णालयात चालते, म्हणून मूळ रेशनकार्ड गावी पेटीत बंद ठेवून जाऊ नका. फडावरच्या कोपीत (झोपडीत) फ्रिज नसतो. ओल्या वाळूतलं मडकं सावलीत ठेवून त्यात, पाणी लागणार नाही अशा डबीत, इन्सुलिन ठेवा.