असामान्य तीळ व मेलॅनोमाचे वेळेत निदान

त्वचेला रंग देणाऱ्या मेलॅनोसाइट कोशिकांच्या सौम्य पुंजक्याला तीळ म्हणतात. जो तीळ साधारणतः ५ मिमी.हून मोठा, पुसट कडांचा व एकाहून अधिक छटांचा असतो, तो असामान्य तीळ. असे तीळ अंगावर पुष्कळ असले, त्यातही घरात कोणाला मेलॅनोमा (मेलॅनोसाइट कोशिकांचा त्वचेचा कर्करोग) झालेला असला, तर या कर्करोगाचा धोका बराच वाढतो.

आनुवंशिक मेलॅनोमाची पहिली नोंद बहुधा इंग्लंडमधील विल्यम नॉरिस यांची (१८२०); रुग्णाचे वडीलही तशाच विकाराने गेल्याचे व घरात तीळ पुष्कळ असल्याचे त्यांनी लिहिले आहे. १९७८ मध्ये अमेरिकेत वॉलेस क्लार्क आणि हेन्री लिंच यांच्या गटांनी स्वतंत्रपणे या तिळांचे वर्णन केले. पुढे ‘डिसप्लास्टिक’ (म्हणजे कोशिकांची रचना बिघडलेला) हे नाव रूढ झाले आणि वाद सुरू झाला. त्वचाविकृतितज्ज्ञ अ‍ॅकरमन यांच्या मते हा नेहमीचाच तीळ असून त्याला ‘क्लार्कचा तीळ’ म्हणणे पुरे. अमेरिकेतील १९९२ च्या तज्ज्ञ परिषदेनेही ते नाव टाळण्याची शिफारस केली; तरी जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या वर्गीकरणात ते टिकून आहे. डोळ्यांना दिसणारे रूप आणि सूक्ष्मदर्शकाखालील रचना नेहमी जुळत नाहीत. म्हणून ‘असामान्य’ हा शब्द रूपासाठी व ‘डिसप्लास्टिक’ हा ऊतक-तपासणीसाठी राखणे अधिक सयुक्तिक वाटते.

असमानता, वेडीवाकडी कड, रंगभेद व ६ मिमी.हून अधिक व्यास ही मेलॅनोमा ओळखण्याची १९८५ ची चतुःसूत्री येथे अपुरी पडते, कारण असामान्य तीळ असलेल्या व्यक्तींचे निरुपद्रवी तीळही तिच्यात बसतात. २००४ मध्ये जोडलेली पाचवी खूण, म्हणजे होत जाणारा बदल, अधिक उपयोगी आहे. त्यासाठी सर्वांगाची छायाचित्रे काढून पुढच्या तपासणीत ताडून पाहतात, डर्मोस्कोपी (प्रकाशयुक्त भिंगाने त्वचेची तपासणी) करतात आणि इतरांहून वेगळा दिसणारा तीळ शोधतात. संशयित तीळ सुमारे २ मिमी. कडेसह पूर्ण काढावा. वरवर खरवडल्यास ब्रेस्लो जाडी (मेलॅनोमा त्वचेत किती खोल गेला आहे त्याचे माप) नीट मोजता येत नाही, आणि पुढील उपचार मुख्यतः तिच्यावरच ठरतात. बहुतेक मेलॅनोमा तीळ नसलेल्या त्वचेवर उद्‌भवतात. त्यामुळे सगळे तीळ काढून टाकणे हा उपाय नव्हे.

भारतात मेलॅनोमा विरळ आहे. सावळ्या त्वचेत तो बहुधा तळपाय, तळहात किंवा नखाखाली होतो व असामान्य तिळांशी त्याचा फारसा संबंध नसतो. तेथे नखातली रुंदावत जाणारी काळी रेघ किंवा तळपायावरचा वाढता डाग पाहावा लागतो.