रानपिंगळ्याच्या पुनर्शोधाची पार्श्वभूमी : मांडवीची नोंद आणि शहाद्याचे रान

२५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळच्या रानात रानपिंगळा हा घुबडाच्या कुळातला छोटा पक्षी पुन्हा दिसला, हे खानदेशातील पक्षीनिरीक्षकांना पाठ आहे. त्याआधी तब्बल ११३ वर्षे तो कोणालाच का सापडला नाही, हे मात्र क्वचितच सांगितले जाते.

आजच्या छत्तीसगडात १८७२ साली मिळालेल्या नमुन्यावरून (म्हणजे आत भरण घालून जतन केलेल्या मृत पक्ष्यावरून) या पक्ष्याचे शास्त्रीय वर्णन पुढच्या वर्षी झाले. एकोणिसाव्या शतकात त्याचे अवघे सात नमुने जमले. त्यांपैकी बहुतेक एका इंग्रज सनदी अधिकाऱ्याने १८८० च्या दशकाच्या पूर्वार्धात शहादा-तळोदा परिसरातून मिळवले होते. म्हणजे पत्ता आपल्याच नंदुरबार जिल्ह्याचा होता.

घोटाळा केला तो मांडवीच्या नोंदीने. एका नामांकित इंग्रज संग्राहकाने आपल्याकडील नमुना १९१४ साली गुजरातेत तापीकाठच्या मांडवी येथे मिळाल्याचे लिहून ठेवले आणि सर्वांत अलीकडची नोंद म्हणून ती अनेक दशके प्रमाण मानली गेली. पुढच्या शोधमोहिमा तिच्या भरवशावर भलत्याच ठिकाणी फिरल्या. प्रत्यक्षात तो नमुना लंडनच्या संग्रहालयातून चोरलेला, पुन्हा भरून नवी चिठ्ठी लावलेला असल्याचे १९९० च्या दशकातील तपासणीत उघड झाले. क्ष-किरणांखाली आतील भरणीची जी धाटणी दिसली, ती खानदेशातल्या त्या जुन्या अधिकाऱ्याची होती. मांडवीचा म्हणून मिरवलेला पक्षी मुळात आपल्याकडचाच होता. माझ्या मते या पक्ष्याच्या इतिहासात याहून मोठे नुकसान दुसऱ्या कोणत्याही कागदाने केलेले नाही. ती नोंद बाजूला सारल्यावर शोधपथक जुन्या, खऱ्या ठिकाणांकडे वळले आणि शहाद्यात पक्षी भरदिवसा, निष्पर्ण फांदीवर उघडाच बसलेला आढळला.

त्यानंतर तोरणमाळ, यावल, मेळघाट, मध्य प्रदेशातील सातपुडा आणि २०१४ साली मुंबईजवळच्या तानसा येथेही तो दिसला. या वाढत्या नोंदींमुळे २०१८ साली त्याचा जागतिक दर्जा ‘अतिसंकटग्रस्त’वरून ‘संकटग्रस्त’ झाला. या बदलाचा खानदेशाने फारसा आनंद मानू नये, कारण इतरत्र नव्या जागा सापडल्याने सातपुड्याच्या पायथ्याचे अतिक्रमण थांबलेले नाही. घरट्यासाठी या पक्ष्याला जुन्या झाडांच्या ढोल्या लागतात आणि सागाची रोपे नव्याने लावली, तरी त्यांत ढोली तयार व्हायला कित्येक दशके जातात.