पावडरच्या दुधाला बाळ तोंड का लावत नाही?

कामावर परतायची तारीख जवळ येते. फॉर्म्युलाचा डबा आणला जातो, बाटली उकळून ठेवली जाते, आणि इतके दिवस अंगावर छान पिणारं बाळ निपल ओठाला लागताच मान फिरवतं, जिभेने ते बाहेर ढकलतं, रडून लालबुंद होतं. 'हट्टी आहे', 'भूक लागली की पिईल' असे सल्ले घरात सुरू होतात. तीन-चार महिन्यांच्या बाळाला हट्टी म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. त्याच्या बाजूने पाहिलं तर एकाच वेळी दुधाची चव, वास, तोंडात येण्याचा वेग आणि पाजणारं माणूस, सगळंच बदललेलं असतं.

चवीपासून सुरुवात करू. गोडवा हा यात मोठा फरक नाही. आईच्या 100 मिलिलिटर दुधात साधारण 7 ग्रॅम लॅक्टोज असतं, आणि फॉर्म्युलातही कर्बोदकं जवळपास तेवढीच ठेवतात. फरक आहे तो आईच्या दुधाची चव रोज थोडी बदलत असते यात. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या, चव आणि वासाचा अभ्यास करणाऱ्या मोनेल केंद्रात ज्युली मेनेला आणि गॅरी बोशॅम्प यांनी 1991 मध्ये स्तनदा मातांना लसणाच्या कॅप्सूल दिल्या. सुमारे दोन तासांनी त्यांच्या दुधाचा वास सर्वांत तीव्र झाला, आणि बाळं नेहमीपेक्षा जास्त वेळ अंगावर राहिली. म्हणजे आपल्या घरात लसणाची फोडणी बाळापर्यंत आधीच पोचलेली असते. डब्यातल्या दुधाला मात्र दर वेळी एकच, आणि अनोळखी, चव असते. गाईच्या दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्या बाळांसाठी जो खास, प्रथिनं आधीच तोडलेला फॉर्म्युला मिळतो, तो चवीला कडवट-आंबट असतो. मेनेला यांच्याच कामातून दिसलं की पहिल्या दोन-तीन महिन्यांत तो सुरू केला तर बाळं तो घेतात, चार महिन्यांनंतर पहिल्यांदा दिला तर बहुतेक जण थुंकून टाकतात.

वयाची आणखी एक गोष्ट आहे. नवजात बाळ चोखतं ते प्रतिक्षिप्त क्रियेने, टाळूला काही लागलं की आपोआप. तीन-चार महिन्यांच्या आसपास चोखणं बाळाच्या इच्छेवर येतं. त्यामुळे 'पहिल्या महिन्यात बाटली घ्यायचा, आता बघतसुद्धा नाही' हे आयांचं म्हणणं अगदी खरं असतं.

वासाचं म्हणाल, तर सहा दिवसांचं बाळसुद्धा आपल्या आईच्या दुधाने भिजलेल्या कापडाकडे दुसऱ्या आईच्या कापडापेक्षा जास्त वळतं, हे ऑक्सफर्डमध्ये एडन मॅकफर्लेन यांनी 1975 मध्ये दाखवलं. आई मांडीवर घेऊन बाटली देत असेल तर बाळाच्या नाकाला हवं ते दूध एका वितीवर असतं. म्हणून सुरुवातीला आजीने किंवा बाबांनी पाजावं, आणि आईने थोडा वेळ दुसऱ्या खोलीत जावं.

वेगाचा मुद्दा सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. अंगावर पिताना बाळ आधी भराभर चोखतं, मग काही वेळाने पान्हा फुटतो आणि दूध येऊ लागतं. बाटली तिरकी धरली की पहिल्याच चोखण्याला धार येते. बाळाला ठसका लागतो, ते घाबरतं, आणि पुढच्या वेळी बाटली दिसली तरी रडतं. बाटलीच द्यायची असेल तर निपल सगळ्यांत कमी धारेचं घ्यावं, बाळाला जवळजवळ बसतं धरावं, बाटली आडवी ठेवावी आणि मधे मधे थांबावं.

माझा स्वतःचा कौल मात्र वाटी-चमच्याला किंवा बोंडल्याला आहे. बाटलीचा गळा आणि निपल नीट घासलं जात नाही. वाटी साबणाने धुऊन उकळली की काम झालं. बाळाला उभट धरून वाटीची कड खालच्या ओठावर टेकवायची आणि दूध ओठाला जेमतेम लागेल इतकीच ती कलती करायची. तोंडात ओतायचं नाही. थोड्या वेळाने जीभ बाहेर येते, दूध चाटते, आणि काही घोटांनंतर बाळ स्वतः पुढे झुकू लागतं. थोडं सांडतं, त्यासाठी लाळेरं बांधावं.

एका वेळी एकच बदल करायचा, हे यातलं मुख्य. आधी आईचंच काढलेलं दूध, कोमट, वाटीने, आजीच्या हातून. बाळ उपाशी कासावीस झालेलं असताना नको. थोडी भूक असताना, किंवा झोपेतून नुकतंच उठलेलं असताना. ते जमलं की त्यात थोडा तयार फॉर्म्युला मिसळायचा आणि काही दिवसांत प्रमाण वाढवायचं. कोरडी पावडर आईच्या दुधात कधीही घालू नये. आधी ती डब्यावरच्या मापाने पाण्यात करायची, मग मिसळायची. पावडर निर्जंतुक नसते, म्हणून जागतिक आरोग्य संघटना उकळून किमान 70 अंश सेल्सिअस असलेल्या पाण्यात ती कालवायला सांगते. मग भांडं थंड पाण्यात धरून दूध निववायचं आणि मनगटावर थेंब टाकून बघायचं. ते पातळ करू नये. गोड लागावं म्हणून साखर नको, आणि वर्षाच्या आत मध तर अजिबातच नको.

बाळ वाटीतलं आईचं दूधही नाकारत असेल तर आधी ते दूध हुंगून बघा. काही आयांचं दूध फ्रिजमध्ये राहिलं की साबणासारखा वास येतो. दुधातलंच लायपेज हे विकर स्निग्धांश तोडतं, त्याचा तो वास. दूध खराब झालेलं नसतं, पण काही बाळांना ते आवडत नाही. अशा वेळी दूध काढल्याबरोबर कडेला बारीक बुडबुडे येईपर्यंत तापवून लगेच गार करून ठेवावं. असं काढलेलं दूध 25 अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास आणि फ्रिजमध्ये चार दिवस चालतं. विदर्भातल्या एप्रिलमध्ये अर्थातच थेट फ्रिज.

ज्यांना शक्य आहे त्यांनी फॉर्म्युलाआधी काढलेल्या दुधाचा हाच मार्ग धरावा. मातृत्व लाभ कायद्यातल्या 2017 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवड्यांची पगारी रजा आहे, आणि कामावर परतल्यावर बाळ 15 महिन्यांचं होईपर्यंत दूध पाजण्यासाठी रोज दोन सुट्ट्या मिळण्याचा हक्क आहे. घरकाम करणाऱ्या किंवा ऊसतोडीला जाणाऱ्या बाईपर्यंत यातलं काही पोचत नाही, ही मोठी उणीव आहे. सहा महिने पूर्ण झालेल्या बाळाचं ओझं थोडं कमी होतं, कारण पेज, वरणभात सुरू होतो आणि नाचणीच्या सत्त्वातही हे दूध घालता येतं.

काही बाळं दिवसभर जेमतेम पितात आणि आई आली की रात्रभर भरपाई करतात. 24 तासांत सहा तरी लंगोट ओले होत असतील आणि वजन वाढत असेल तर चालून जातं. मात्र नाक दाबून किंवा आडवं पाडून दूध ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. शू कमी होणं, तोंड कोरडं पडणं, डोक्यावरची टाळू खोल जाणं, बाळ मलूल होणं यापैकी काही दिसलं, किंवा फॉर्म्युलानंतर अंगावर गांधी, वारंवार उलट्या वा शीमध्ये रक्त आलं, तर पुढचा प्रयत्न थांबवून त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे जा. बाळ आईकडे घेतल्यावर अंगावरसुद्धा पीत नसेल, तर दुखणं दुसरंच असण्याची शक्यता असते: कानदुखी, सर्दीने चोंदलेलं नाक, किंवा जिभेवरचा पांढरा बुरशीचा थर.