विणीच्या हंगामातील छाटणी

पक्षी अंडी उबवत किंवा पिल्ले भरवत असताना झाडाच्या फांद्या तोडणे, झाड पाडणे किंवा हिरवे कुंपण (कोकणात वई) कापणे. महाराष्ट्रातल्या शहरांत हे काम मुख्यतः पावसाळ्याच्या तोंडावर, एप्रिल-मे महिन्यांत निघते. जूनच्या वादळी पावसात फांदी कोसळून कोणी दगावू नये, विजेच्या तारा तुटू नयेत, हा त्यामागचा हेतू रास्तच आहे. पण बुलबुल, शिंपी, तांबट, साळुंकी, दयाळ आणि कावळा यांच्या विणीचे दिवसही नेमके हेच असतात.

कुंपणातली घरटी सर्वांत आधी जातात. बुलबुल मेंदी किंवा कोयनेलच्या दाटीत, साधारण छातीच्या उंचीवर, काड्यामुळ्यांची वाटी विणतो. तीत लालसर ठिपक्यांची दोन-तीन अंडी असतात. पाने हाताने बाजूला केली तर ती चटकन दिसतात. शिंप्याचे घरटे मात्र जवळ जाऊनही ओळखू येत नाही. रुंद पानाच्या कडांना चोचीने बारीक भोके पाडून तो कापसाचे किंवा कोळिष्टकाचे धागे ओवतो आणि पानाची पिशवी करतो. पान देठाला तसेच असते, हिरवेही राहते. कात्रीने कुंपण सपाट करणाऱ्याला ते इतर पानांसारखेच वाटते.

मोठ्या झाडांवर पहिली करवत वाळक्या फांदीवर पडते, कारण मोडण्याचा धोका तिचाच जास्त. तांबटाला घरट्यासाठी नेमके असेच मऊ पडलेले लाकूड लागते. फांदीच्या खालच्या अंगाला तो गोल भोक कोरतो, त्यामुळे वरून पाहणाऱ्याला ते दिसत नाही. राखी धनेशाची गोष्ट याहून बिकट. मादी ढोलीत शिरून ढोलीचे तोंड लिंपून घेते, फक्त एक चीर उरते आणि तिच्यातून नर वड-पिंपळाची फळे आत देतो. अशी ढोली बाहेरून रिकामीच वाटते, आणि पोकळ झाड धोकादायक ठरवून पाडले तर मादीला बाहेर निघायलाही वेळ मिळत नाही.

पाऊस सुरू झाल्यावर बगळे, ढोकरी, रातबगळे आणि पाणकावळे चिंच, वड, बाभळीवर एकत्र वसाहत करतात. तिला सारंगागार म्हणतात. खाली विष्ठेचा सडा पडतो, वास येतो आणि फांद्या उतरवण्याची मागणी होते. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात राष्ट्रीय महामार्ग ६६ च्या रुंदीकरणासाठी असेच घरट्यांनी भरलेले झाड पाडले गेले. उडता न येणारी पिल्ले झाडाबरोबर रस्त्यावर आपटली. त्या चित्रफितीने देशभर संताप उसळला.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत रानपक्ष्यांची अंडी फोडणे आणि अंड्यांना वा घरट्यांना धक्का लावणे हेही येते. म्हणजे बंदूक न उचलताही शिकार घडू शकते. झाड तोडण्याची परवानगी मात्र वेगळ्या कायद्याने, १९७५ च्या महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) वृक्ष संरक्षण व जतन अधिनियमाखाली, वृक्ष प्राधिकरणाकडून मिळते. ती हाती असली म्हणजे घरट्याचा प्रश्न मिटला, हा समज सरसकट आढळतो आणि तो चुकीचा आहे.

युरोपात काही देशांनी तारखाच बांधून दिल्या आहेत. आयर्लंडमध्ये १ मार्च ते ३१ ऑगस्ट, जर्मनीत १ मार्च ते ३० सप्टेंबर या काळात कुंपणे तोडण्यावर निर्बंध असतात. किरकोळ कापणी व सुरक्षिततेच्या कामांना सवलत मिळते. आपल्याकडे अशी एकच मुदत बसवणे अवघड आहे. घार हिवाळ्यातच घरट्याला लागते, बुलबुल उन्हाळ्यात, सुगरण पावसाळ्यात. त्यातल्या त्यात पाऊस सरल्यावरचे, ऑक्टोबर अखेर ते डिसेंबरचे दिवस निवांत असतात. नियमित छाटणी तेव्हाच उरकावी.

मे महिन्यात काम करावेच लागले, तर आदल्या दिवशी सकाळी झाडाखाली अर्धा तास थांबावे. चोचीत अळी धरून पक्षी पुन्हा पुन्हा एकाच जागी जात असेल, बुंध्याशी ताजा भुसा किंवा फळांच्या बियांचा ढीग पडला असेल, तर वर घरटे आहे असे धरावे. बुलबुलाची अंडी सुमारे दोन आठवड्यांत फुटतात आणि पिल्ले पुढच्या दोन आठवड्यांच्या आत घरटे सोडतात. कुंपणाचा तेवढा भाग महिनाभर सोडून बाकीचे कापता येते.